चिमनीच्या जिनातले झोके

शुक्रवार: भलत्याच टेसनावर

मले भेव लागत होतं, हे पयलेच सांगून टाकतो, मंग बाकीचं. गाडीचं भेव, साहेबाचं भेव, अन् सगळ्यात मोठं भेव याचं का बायाईनं मिळून मलेच बोलाले उभं केलं होतं. मी आठवी नापास. गावच्या ग्रामसभेत बी कधी तोंड उघडलं नाई. पन गंजीत गेलं ते लेकरू माहं होतं, म्हनून बाया म्हनल्या, तूच बोलजो.

आता गंजीची गोष्ट सांगा लागन. आमी सिंदीच्या एका जिनात कामाले जातो. जिनात कापसातून सरकी वेगळी करतात. मशिनीवर मानसं असतात, आमी बाया आंगनात बसून कापसातला काडीकचरा वेचतो. लेकरं आमच्या बाजूलेच, कोनाचं फारीच्या फडक्यावर निजलेलं, कोनाचं रांगून राह्यलेलं. दिवाळी झाल्यावर एक दिवस माही आरू, दहा महिन्याची, रांगत रांगत कापसाच्या गंजीपाशी गेली अन् वरून गंजी सरकली. मी पाठमोरी होती. कौसाबाईले लाल मोजा दिसला. एवढाच, मोजा. तिनं पाय धरून ओढलं त पोरीच्या नाकातोंडात कापूस, काळीनिळी झाली, अन् मंग रडली. जन्मली तवाचं रडनं बी मले एवढं गोड नवतं लागलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर हुकूम. लेकरू घेऊन आत याचं नाई. लेकरं असनाऱ्या आमी अकरा बाया. कोनी लेकरू सासूजवळ टाकलं, कोनी शेजारनीजवळ. मधात पाजाले घरी पयालो का मुकादम बोंबलते. मंग म्यानेजर म्हने, सोमवारपासून जी बाई मधात गेटाबाहेर गेली तिचं नाव कटलं. म्हंजे एक त काम सोडा, नाई त लेकराचं दूध सोडा.

तवा कौसाबाईनं शांताताईले फोन केला. शांताताई म्हंजे पुलगावजवळ नाचणगाव रोडवर जे जुनं बंद पडलेलं जिन हाय, तठी कामगाराईचं हापिस हाय, ते संभाळते. लोकं त्याले चिमनीचं जिन म्हनतात. तिनं सरकारी लेबर साहेबाले सांगितलं का बाया तानी लेकरं घेऊन हापिसाच्या चकरा नाई मारनार, तुमीच चिमनीच्या जिनात या अन् म्यानेजरले बी बोलवा. शनिवार ठरला. अन् मले सांगितलं, एक दिवस आधी ये, काय बोलाचं ते शिकवतो.

म्हनून शुक्रवारी मी, आरू अन् कौसाबाई निंगालो. बाकीच्या दहा जनी शनिवारच्या सकाळच्या गाडीनं येनार होत्या.

कौसाबाई आमच्यात सगळ्यात बुढी. गोंड हाय ती, घरी गोंडी बोलते, आमच्यासंगं आमच्यावानी. कापसाच्या धुळीनं तिले खोकला लागला तो जात नाई, पन जीभ भल्ली तेज. गाडीत बसल्या बसल्या म्हने, "तू अशी बसली जशी तुले सासरी धाडून राह्यलो."

मले वर्ध्याले उतरून पुलगावची गाडी धराची होती. गाडी थांबली तवा खिडकीतल्या मानसाले इचारलं, "भाऊ, वर्धा आलं का?"

"हेच वर्धा. उतरा पटकन!"

उतरलो. पिशवी, लेकरू, झोक्याचं लुगडं, सगळं घेऊन धडपडत उतरलो अन् गाडी गेली. मंग पाटी पाह्यली. सेवाग्राम.

"तुले वाचता येते ना?" कौसाबाई.

"येते."

"मंग उतरल्यावर काऊन वाचून राह्यली व माय? उतराच्या आधी वाचाचं असते."

मले रडू आलं. ऑटो करून वर्ध्याच्या टेसनावर पोचलो त पुलगावची गाडी निंगून गेली होती. शांताताईले फोन लावला. ती म्हने, "मुक्काम करा अन् सकाळी आरामानं या."

"पन ताई, तुमी मले बोलाचं शिकवनार होत्या ना?"

"तुले बोबडी त नाई ना वळली? मंग येईन बोलता."

मले त तिथंच बोबडी वळली होती.

नालवाडीले कौसाबाईची बहीन राह्यते, तिच्याघरी गेलो. दोन खोल्या, सारवलेलं आंगन, आंगनात वालाचा वेल. दोघी बहिनी गोंडीत बोलाले लागल्या, मले एक अक्षर कळे नाई, पन आरूले जसं सगळं कळत होतं, खुदूखुदू हसे. जेवाले आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वरून लसनाचं तेल. आमच्या घरी पयले मानसं जेवतात, मंग पोट्टे, मंग उरलं त आमी. इथं सारे एकाच वक्ताले गोल बसले, घरचा जावई बी बायाईच्या मधात, अन् त्यानंच उठून पानी वाढलं. मी घास हातात धरून पाहतच राह्यली. बहीन म्हने, "काय पाह्यतं? त्याचे हात का भाड्यानं आनले?"

भितीकडं तोंड करून मी बोलाची प्रॅक्टिस केली. नमस्ते साहेब, माहं नाव अमुक, माही पोरगी अमुक. तिथवर यायचं अन् गाडी अडकायची.

शनिवार: चिमनीचं जिन

सकाळच्या बसनं पुलगाव, तठून ऑटो. रस्त्याच्या दोन्ही अंगानं कापूस फुटला होता अन् मधात तुरीचे पिवळे फुलं. लोकाईले फुटलेला कापूस सोभतो म्हने, मले त त्यातला कचरा पयले दिसते.

चिमनी लांबूनच दिसते. धूर नाई, वरून पिंपळ निंगला हाय. मोठं गेट, काळ्या गोट्याच्या भिती दोन हात जाड, वर पत्रा. आत पाय ठेवला अन् थंडगार लागलं. लोखंडाचे खांब, त्याच्यावर इंग्रजी अक्षरं, अन् छताखालून या भितीपासून त्या भितीपरेंत एक लांब लोखंडी दांडा, त्याच्यावर मोठाले चाकं.

"एका इंजनावर हा दांडा फिरे," शांताताई म्हने, "अन् पट्ट्यानं सगळ्या मशिनी चालत. इंग्रजाच्या वेळचा हाय. माही माय याच खांबापाशी कामाले होती."

शांताताई साठीच्या वर असन. चष्मा, खांद्यावर झोळा, अन् आवाज असा का जसं मशिन अजून चालूच हाय अन् तिले त्याच्यावरून बोलाचं हाय. तिनं मले सगळं फिरवून दाखवलं. गाठी ठेवाच्या कोठीत आता पुस्तकं अन् चार शिलाई मशिनी. वजनकाट्याच्या खोलीत वनजमिनीच्या पट्ट्याचे कागद करून देतात, आदिवासी लोकं लाईनीत बसले होते. एका कोपऱ्यात धुनीभांडेवाल्या बायाईची मीटिंग चालली होती, अन् हसनं असं जोऱ्यात का मले वाटलं लग्नघर हाय.

पन खुर्ची कुठीच नाई. सगळीकडं सतरंज्या.

म्या इचारलं, "ताई, साहेब लोकं कायच्यावर बसतीन?"

"सतरंजीवर. मालक आत आला का माह्या मायले बसाची बंदी होती. पोटात मी होती तरी उभीच राहे. जिन बंद पडलं, आमी लढून ही जागा घेतली, तवा पयला ठराव हाच झाला, अठी सारे खाली बसतीन. खुर्ची एकच हाय, पोटुशीसाठी अन् ज्याचे गुडघे गेले त्याच्यासाठी. कलेक्टर आला तरी खालीच."

बाहेर आंगनात मानसं गोवऱ्याच्या निखाऱ्यात कनकीचे रोडगे भाजत होते. मानसं! एक जन वांगे चिरत होता, एक जन फोडनी घालत होता, एक जन ताटल्या घासत होता. आमच्याइकडं मानूस ताटली घासताना दिसला त गाव जमा होईन. मी मदतीले बसली त एका मिशावाल्या बाबानं मले हाकललं, "जाय व पोरी, तुही मीटिंग हाय. फोडनीचं टेन्शन घेऊ नोको."

तेवढ्यात आमच्या दहा जनी आल्या, कडेवर लेकरं, डोक्यावर गाठोडे. आता लेकरं निजवाचे कुठी? कौसाबाईनं वर पाह्यलं. "एवढा मोठा दांडा देवानं कायले ठेवला?"

मिशावाल्या बाबानं शिडी लावली. दोर टाकले, दोराले लुगडे बांधले, अन् पाहता पाहता त्या इंग्रजी दांड्याले अकरा झोके लटकले. हिरवा, लाल, जांभळा, कोनाचं लग्नाचं लुगडं, कोनाचं आजीचं. खाली बसून ओढाले एक एक दोरी. शांताताई चष्मा काढून पुसाले लागली. म्हने, धूळ गेली.

मीटिंग

लेबर साहेब आले, जोडे काढले अन् आरामात मांडी घालून बसले, त्याईले सवय दिसली. म्यानेजर मांगून आला. इस्तरीचा सदरा, हातात फाईल. त्यानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं.

"खुर्ची...?"

"गुडघे दुखतात का साहेब?" शांताताईनं एकदम मायेनं इचारलं.

"नाही, तसं नाही."

"मंग बसा ना."

तो बसला. खांबाजवळ जागा होती तठी बसला, नेमकं माह्या झोक्याखाली. झोका रिकामा होता, आरू माह्या मांडीवर माहा पदर चोखत होती.

लेबर साहेब म्हनले, "बाई, बोला."

मी उभी राह्यली. आरूले कडेवर घट्ट धरलं. "नमस्ते साहेब. माहं नाव..." अन् झालं. सगळं कोरं. तोंडात कापूस भरल्यावानी. मी खाली बसली. बायाईनं माना खाली घातल्या. मले वाटलं, आता गेलं. माहंच नाई, अकराई जनीचं गेलं, माह्या एकटीपाई.

मंग म्यानेजर बोलाले लागला अन् काय बोलला बाप्पा! पुस्तकातलं मराठी. "महिला कामगारांच्या आणि बालकांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेच हा निर्णय घेतला आहे. शिवाय या महिला आमच्या नाहीतच, त्या ठेकेदाराच्या आहेत. पाळणाघराचा प्रश्न आमच्याकडे येत नाही." लेबर साहेब लिहून घेत होते. शांताताई मधात म्हने का कायद्यात पाळनाघर हाय, त तो म्हने, "कायदा आम्हालाही कळतो." अन् असा बोलता बोलता त्याच्या हाताले माह्या झोक्याची दोरी लागली. त्यानं ती बोटाले गुंडाळली अन् बोलन्याच्या नादात ओढाले लागला. झोका हालाले लागला. रिकामा झोका. इकडून तिकडं. इकडून तिकडं.

रिकामा झोका हालवला का लेकराच्या पोटात दुखते, हे आमच्याइकडं दुधपित्या पोराले बी माईत असते.

"ओ साहेब!" मी वरडली. उठून उभी कवा राह्यली ते बी कळलं नाई. "सोडा ती दोरी! रिकामा झोका हालवता? लेकरू हाय माहं! अक्कल हाय का नाई?"

पत्र्यापरेंत आवाज गेला. धुनीभांडेवाल्या बायाईचं हसनं बंद झालं. रोडगेवाले दारात येऊन उभे राह्यले. म्यानेजरनं दोरी अशी सोडली जशी चटका लागला. अन् त्याच्या तोंडून पुस्तकाचं मराठी पार उडून गेलं.

"चुकलं व बाई. माही माय बी मारे मले याच्यावरून."

सगळ्या बाया त्याच्या तोंडाकडं पाहाले लागल्या. आपलाच हाय हा! तवा कौसाबाई खोकत खोकत पुढं सरकली. "साहेब, चुकलं त चुकलं. पन आता उतारा करा लागते. आमच्यात असं हाय, ज्यानं रिकामा हालवला, त्यानं भरला हालवा लागते. लेकरू झोपेपरेंत."

हा रिवाज म्या त जन्मात ऐकला नवता. नंतर इचारलं त कौसाबाई म्हने, "म्या बी नवता ऐकला."

पन तिनं आरूले माह्या जवळून घेतलं, झोक्यात टाकलं अन् दोरी म्यानेजरच्या हातात देल्ली. लेबर साहेब मिशीत हसत म्हनले, "घ्या साहेब, परंपरा आहे." तो बिचारा झोका द्याले लागला. अन् चांगला देत होता, मी खोटं कायले बोलू, आरूनं दोनदा पाय झाडले अन् डोळे मिटाले लागली.

अन् मी उभीच होती. वरडली होती ना, त आता आवाज निंगाला होता, तो वापस जाऊनच नाई राह्यला.

"साहेब," म्या म्हनलं, "आता मी सांगतो ते ऐका. कापसाची गंजी ठेकेदाराची का? नाई, तुमची. माही पोरगी त्या गंजीत दबली. तुमी म्हनता जीव वाचावा म्हनून बंदी केली. बरं केलं. पन मंग लेकरू कुठी ठेवू ते बी सांगा ना. मी आठ घंटे कचरा वेचतो. दोन घंटे झाले का दूध भरून येते. आंग फनफनते. आमी ब्लाऊजात कापूस कोंबतो, तुमच्याच गंजीतला, कचरा म्हनून फेकलेला, अन् तो भिजला का संडासात जाऊन पिळतो. दूध पिळतो आमी साहेब, मातीत. अन् लेकरू घरी बोंबलते."

मानसं होते, दाढीवाले, मिशावाले, लेबर साहेब, सगळ्याईसमोर मी ब्लाऊजाचं बोलली. घरी असती त जीभ कापून घेतली असती. लेबर साहेबानं पेन खाली ठेवला. मांगून एका बाईनं म्हनलं, "मी बी पिळतो." मंग दुसरीनं. मंग सगळ्याईनं.

म्यानेजर काई तरी म्हनाले गेला, आवाज चढवला, "पण ठेकेदाराशी..."

"शूऽऽ!" अकरा बाया एकदम. "झोपून राह्यली ती!"

आता गंमत पाहा. दोरी सोडली त पोरगी उठते, उठून जाता येत नाई. वरडला त पोरगी उठते, वरडता येत नाई. मंग अख्खी मीटिंग कुजबुजत झाली. मी कुजबुजत म्हनलं, गेटाजवळची जुनी खोली रिकामी हाय, ती द्या. त्यानं कुजबुजत म्हनलं, तिथं बारदान्याचे पोते हाय. शांताताईनं कुजबुजत म्हनलं, तिनं कुजबुजलं तरी खिडकी हालली, बारदाना सरकवता येते, लेकरू सरकवता येत नाई. लेबर साहेबानं कायद्याचं कलम कुजबुजत वाचलं, का बाया ठेकेदाराच्या असो का कोनाच्या, काम तुमच्या आवारात हाय त जिम्मेदारी तुमची बी हाय. पंखा पायजे. खिडकीले जाळी पायजे. दिवसातून दोनदा पाजाची सुट्टी, मुकादमाले न इचारता. लेकरं पाहाले बाई पायजे.

"बाई कोण?" त्यानं इचारलं.

"मी," कौसाबाई म्हने. "धुळीत आता जमत नाई मले. अन् पाय धरून ओढाची सवय हाय."

त्यानं झोक्यात पाह्यलं. आरूची मूठ बाहेर लटकत होती. मंग त्यानं फोन लावला, मालकाले, तोंडावर हात धरून. फोन ठेवला. "ठीक आहे," एवढंच म्हनला. एका हातात दोरी, दुसऱ्या हातानं लेबर साहेबानं लिहिलेल्या कागदावर सही केली. मी बी सही केली. अंगठा नाई, सही, पूर्न नाव.

आवाज काढता येत नवता, लेकरं निजले होते. म्हनून बायाईनं टाळ्या नाई वाजवल्या, पदर हवेत फिरवले. मिशावाल्या बाबानं दारातून झारा वर केला. तेवढ्यात कौसाबाईले खोकला आला, आरू उठली, बाकीचे दहाई उठले, अन् मंग त्या जिनात जो कल्ला झाला तो पुलगावात ऐकू गेला असन.

रोडगे, वांग्याची भाजी, वरन. रोडग्यावर तूप. म्यानेजर बी पंगतीत बसला, शांताताईनं जाऊ देल्लं नाई. वांग्याच्या भाजीनं त्याच्या डोळ्यातून पानी आलं, एक बाई म्हने, "पाह्यलं, साहेबाले पस्तावा झाला," अन् तो बी हसला. वापसीच्या गाडीत कौसाबाई धरून आमी बारा जनी दाराजवळ खाली बसून आलो, गाने म्हनत. अन् टेसन येनं झालं का सगळ्या संगंच वरडत, "पाटी वाच व, पाटी वाच!"

सोमवार: सिंदी

घरी सासूबाईले सांगितलं त त्या म्हनल्या, "साहेबाची अक्कल काढली तू?" अन् दोन घंट्यानं शेजारनीले तेच सांगत होत्या, जराक वाढवून.

सोमवारी गेटवर चौकीदारानं आरूकडं पाह्यलं अन् फाटक उघडलं. खोलीत बारदाना नवता. पंखा होता, जुना, कुरकुर करनारा. जाळी अर्धीच बसली होती, उरलेली संध्याकाळपरेंत बसली, आमी उभं राहून बसवून घेतली. कौसाबाई मधात बसली होती जशी म्हातारी कोंबडी.

अकरा वाजता मी वेचनं ठेवलं, हात धुतले अन् गेली. कोनाले इचारलं नाई. भितीपलीकडं मशिनी चालत होत्या, कापूस उडत होता, अन् मी भितीले टेकून आरामात पोरगी पाजत होती. ती पेता पेता माहं मंगळसूत्र ओढे.

सुट्टी संपल्याची घंटी झाली. मुकादम दारात येऊन उभा राह्यला. सवयीनं माहा हात पदराकडं गेला. पन मी उठली नाई.

"थांबा," म्या म्हनलं. "पोरगी पेऊन राह्यली."

अन् तो थांबला.